बटण कशाने दाबलं, ते चिपला कळत नाही

गेम कंट्रोलर हातात घेतला की तो लगेच बसतो. तळवे दोन्ही मुठींवर, अंगठे वर, तर्जन्या मागच्या ट्रिगरांवर. ही सहजता कंपन्यांनी चाळीस वर्षं घासूनपुसून आणलेली आहे आणि तिच्यात बरंच काही धरून चाललेलं आहे. माणसाला दोन हात आहेत. दोन्हींत सारखी ताकद आहे. डावा अंगठा गोल फिरत असताना उजवी तर्जनी वेगळ्याच लयीत दाबता येते. पाव किलोहून जास्त वजनाची वस्तू तासभर उचलून धरता येते. ज्याला हे सगळं जमतं, त्याला यातलं काहीच जाणवत नाही.

१९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या एनईएसच्या कंट्रोलरवर चार दिशा आणि चार बटणं, एवढाच कारभार होता. आजच्या एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन स्टिक, चार दिशा, चार मुख्य बटणं, दोन बंपर, दोन ट्रिगर, स्टिक आत दाबल्यावर लागणारी आणखी दोन बटणं आणि मेनूची वेगळी, असा पसारा झाला आहे. अर्धांगवायूनंतर एकच हात चालणारा माणूस, सेरेब्रल पाल्सीमुळे जिची बोटं हवी तिथे थांबत नाहीत अशी मुलगी, मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे ज्याची ताकद वर्षागणिक कमी होत चालली आहे असा मुलगा, मानेखाली हालचाल नसलेला माजी सैनिक. यांच्या हाती हा कंट्रोलर दिला तरी खेळ हाती येत नाही. व्हीलचेअरवरच्या मुलाला वर्गमित्रांच्या बरोबरीने धावता, हरता, जिंकता येईल अशा जागा फार थोड्या असतात. ऑनलाइन खेळ ही त्यातली एक. ती केवळ प्लास्टिकच्या कवचाच्या आकारापायी हातची जावी, हे मला मुळीच मान्य नाही. त्या कवचाच्या आत काय आहे हे पाहिल्यावर तर अजिबातच नाही.

आत काय असतं? एखाद्या बटणाखाली पाहिलं तर बोर्डावर तांब्याच्या दोन नक्ष्या दिसतात. कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत शिरलेल्या, पण कुठेही न चिकटलेल्या. त्यांच्यावर काळ्या कार्बनचा थर असतो. बटणाखाली रबराचा छोटा घुमट आणि त्या घुमटाला आतून एक काळी टिकली असते. तिच्यातही कार्बन असतो, म्हणून ती वीज वाहून नेते. बटण दाबलं की घुमट खाली बसतो, टिकली दोन्ही नक्ष्यांवर टेकते आणि वाट जोडली जाते. बोट उचललं की घुमट उसळतो, वाट तुटते. कंट्रोलरमधली चिप सेकंदाला शेकडो वेळा एवढंच तपासत राहते, की वाट जोडलेली आहे की नाही. जोडलेली असली की ‘ए दाबलं’ असा निरोप तारेवरून किंवा रेडिओवरून पुढे जातो. ती अंगठ्याने जोडली, कोपराने, गालाने की फुंकरीने, हे कळायला चिपकडे काही मार्गच नाही. त्या दोन नक्ष्यांना दोन पातळ तारा जोडून बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकाला दुसरं कुठलंही बटण लावलं, तर ते टेबलावर, पायाखाली, उशीपाशी, कुठेही असू शकतं. कंट्रोलरमधले बदल कितीही गुंतागुंतीचे झाले, तरी त्यातले बहुतेक या दोन तारांपासूनच सुरू होतात.

हे ओळखणारी माणसं फार लवकर निघाली. अमेरिकेतले केन यांकेलेविट्झ हे विमान उद्योगातले इंजिनिअर १९८१ पासून मानेखाली लुळ्या पडलेल्या लोकांसाठी तोंडाने चालणारे कंट्रोलर हाताने बनवत आले. घरच्या कामाच्या टेबलावर, एकेक करून, नव्या यंत्रानुसार नवी जोडणी शोधत. ते थकले तेव्हा त्यांच्याविषयी छापून आलेली बातमी फ्रेड डेव्हिसन यांच्या वाचनात आली आणि त्यातून ‘क्वाडस्टिक’ तयार झाली. तिची स्टिक ओठांनी हलवायची. तोंडापाशी भोकं असतात. त्यांत फुंकलं की एक बटण, हवा ओढली की दुसरं. जोरात फुंकणं आणि हळू फुंकणंही वेगळं ओळखता येतं, त्यामुळे मोजक्या भोकांतून कितीतरी आज्ञा निघतात.

मोठ्या कंपन्यांपैकी निन्टेंडोने १९८९ मध्ये ‘हँड्स फ्री’ नावाचा कंट्रोलर काढला होता. तो छातीवर पट्ट्यांनी बांधायचा, स्टिक हनुवटीने किंवा जिभेने हलवायची आणि नळीतून फुंकून वा ओढून ‘ए’ आणि ‘बी’ बटणं चालवायची. तो दुकानात मिळत नसे, कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून मागवावा लागे. त्यानंतरच्या बऱ्याच काळात हे काम हौशी आणि सेवाभावी लोकांनीच ओढलं. विस्कॉन्सिनच्या बेन हेकेंडॉर्न यांनी एका हाताने चालणारे कंट्रोलर घडवले. अमेरिकेत २००४ मध्ये ‘एबलगेमर्स’ आणि ब्रिटनमध्ये २००७ मध्ये ‘स्पेशलइफेक्ट’ या संस्था उभ्या राहिल्या. ‘वॉरफायटर एंगेज्ड’ ही संस्था युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कंट्रोलर बदलून देऊ लागली. तिने बनवलेल्या अशाच एका कंट्रोलरचं छायाचित्र मायक्रोसॉफ्टमधल्या एका इंजिनिअरच्या पाहण्यात आलं, आणि कंपनीच्या अंतर्गत प्रयोगस्पर्धेतून पुढे २०१८ मध्ये ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ बाजारात आला.

या कंट्रोलरकडे नीट पाहण्यासारखं आहे. वर हाताच्या पंजाएवढी दोन गोल बटणं आणि मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरची ओळीने एकोणीस भोकं. जुन्या मोबाइलला हेडफोन लावायचो तेच भोक. प्रत्येक भोक म्हणजे कंट्रोलरच्या एकेका बटणाच्या त्या दोन तारा, सरळ बाहेर आणून ठेवलेल्या. म्हणजे हौशी मंडळी सोल्डरिंगच्या टोकाने जे करत होती, ते कंपनीने कारखान्यातून करून दिलं. किंमत ९९.९९ डॉलर. भोकांचं माप मुद्दाम हे ठेवलं, कारण अपंगांसाठीच्या साधनांमध्ये हाच जॅक अनेक वर्षं रूढ होता, आणि लोकांकडे आधीपासून असलेले स्विच थेट लावता आले. खोकंसुद्धा दातांनी फाडावं लागू नये अशा बेताने बनवलं होतं, ओढायला मोठे फासे ठेवून. बोटं न चालणारी माणसं नाइलाजाने दात वापरतात, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. सोनीचा ‘अॅक्सेस’ कंट्रोलर यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. त्याला अशी चार भोकं आहेत.

पण स्विच वेगळे घ्यावे लागतात, स्टिक वेगळी, हे सगळं खुर्चीला धरून ठेवणारे दांडे वेगळे, आणि बेरीज फुगत जाते. म्हणून जुना कंट्रोलर उघडून स्वतः जोडणी करण्याचा मार्ग अजूनही अर्थपूर्ण आहे. निदान एका बटणापुरता तरी तो कुणालाही सोल्डरिंगच्या जुजबी सरावावर जमतो.

शिकायला सर्वांत चांगला म्हणजे जुना, तारेचा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर. तो विंडोजच्या संगणकाला जोडला की लगेच चालतो, आणि बॅटरी नसल्यामुळे धोका कमी. (बिनतारी कंट्रोलर असेल तर आधी बॅटरी काढायची. लिथियमच्या बॅटरीजवळ गरम टोक न्यायचं नाही, इथे तडजोड नाही.) स्क्रू सहापाकळी खाचेचे असतात आणि खाचेच्या मध्ये बारीक खुंटी असते, म्हणून साधा स्क्रू ड्रायव्हर बसत नाही, मध्ये भोक असलेला टी-८ लागतो. सगळे स्क्रू काढले तरी कवच उघडत नसेल तर ओढाताण करू नका. एक स्क्रू लेबलखाली दडवलेला असतो. लेबलवर बोट फिरवलं की खड्डा लागतो.

कवच सुटलं की दोन्ही मुठींमध्ये दोन मोटारी दिसतील, त्यांच्या दांड्यांवर एका बाजूला झुकलेली वजनं. गेममध्ये धक्का बसला की कंट्रोलर थरथरतो तो यांच्यामुळे. त्या काढून टाकल्या तरी बाकी सगळं चालतं, कंट्रोलर हलका होतो आणि जॅक बसवायला जागा मिळते. ज्यांना स्पर्शाचा त्रास होतो किंवा थरथरीने हात आखडतो, त्यांच्यासाठी तर त्या काढणंच बरं.

आता मल्टीमीटर. तो कंटिन्युइटीवर ठेवायचा, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजतो. एक टोक यूएसबीच्या तारेच्या ग्राउंडवर धरायचं आणि दुसरं एकेका बटणाच्या दोन नक्ष्यांवर टेकवायचं. काही बोर्डांवर प्रत्येक बटणाची एक बाजू ग्राउंडला जोडलेली आढळते. असा बोर्ड मिळाला तर काम फार सोपं होतं: सगळ्या जॅकची एक बाजू एकाच सामाईक तारेवर आणि प्रत्येक बटणासाठी फक्त एक स्वतंत्र तार. सगळेच बोर्ड असे नसतात, म्हणून तपासल्याशिवाय गृहीत धरायचं नाही. प्लेस्टेशनच्या काही कंट्रोलरांत तर बटणांच्या नक्ष्या बोर्डावर नसतातच. त्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर छापलेल्या असतात आणि सोल्डरिंगचं टोक टेकवलं की पडदा वितळतो. तिथे पडदा बोर्डाला जिथे मिळतो, तिथली जागा शोधावी लागते.

कार्बनवर सोल्डर धरत नाही. नव्या माणसाचा इथेच हिरमोड होतो, गोळी होते आणि घरंगळून जाते. ब्लेडच्या टोकाने काळा थर हलक्या हाताने खरवडायचा, खाली तांबं चमकेपर्यंत आणि त्यापुढे मुळीच नाही, कारण तांब्याचा थर कागदाहून पातळ असतो. अनेकदा नक्षीपासून निघालेली रेघ थोड्या अंतरावर एका छोट्या गोल ठिपक्यापर्यंत जाते. कारखान्यात बोर्ड तपासण्यासाठी ठेवलेला असतो तो. तो सापडला तर खरवडायची गरजच नाही आणि मूळ बटणही शाबूत राहतं. ठिपक्यावर थोडं फ्लक्स, टोकाला सोल्डरचा बारीक थेंब, तार टेकवायची, एक-दोन सेकंदांत उचलायचं. जास्त वेळ टोक टेकवून ठेवलं तर ठिपका बोर्डावरून सुटतो. तार ३० गेजची पुरते. वीज इतकी थोडी वाहते की जाड तारेची गरज नाही, उलट जाड तार ओढ बसल्यावर ठिपकाच उपटून काढते. म्हणून जोडापासून बोटभर अंतरावर ग्लू गनने तार बोर्डाला चिकटवून टाकायची, म्हणजे पुढे कुणी ओढली तरी ताण जोडापर्यंत पोचत नाही. तारेची दुसरी टोकं ३.५ मिलिमीटरच्या मोनो जॅकला: बटणाची तार टोकाच्या कडीला, ग्राउंड बाहेरच्या कडीला. कवचाला ड्रिलने भोक पाडून जॅक बसवला की झालं. बाहेर आणलेल्या या तारांवर फार तर पाच व्होल्ट असतात. घामेजल्या हाताने, लाळ सांडणाऱ्या तोंडाने किंवा अनवाणी पायाने स्विच चालवणाऱ्या माणसाला त्यातून धक्का बसत नाही.

स्विच कोणता लावायचा? दाबलं की जोडणारा आणि सोडलं की तुटणारा कोणताही. घराच्या बेलचं नवं बटण चालतं, दिव्याचं चालत नाही, कारण ते दाबल्यावर तसंच राहतं. आर्केड यंत्रांसाठी मिळणारी मोठी गोल बटणं टिकाऊ असतात, आणि त्यांच्या खालचा मायक्रोस्विच बदलून लागणारा दाब कमी-जास्त करता येतो. पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाने दबणारा मायक्रोस्विच आणि त्यावर लांब पत्र्याचा दांडा असला, तर फक्त बोटाचं टोक हलवू शकणाऱ्या माणसालाही तो पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. जॅक, तार, मायक्रोस्विच यांचा खर्च मूळ कंट्रोलरच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

इथे कुणीही रास्त शंका काढेल: एवढी खरवडाखरवड कशाला, सरळ नवा बोर्डच का करू नये? संगणकासाठी तसं खुशाल करावं. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो आणि ‘जीपी२०४०-सीई’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यात भरलं की संगणक त्याला कंट्रोलर समजतो. प्रत्येक बटण म्हणजे एक पिन आणि ग्राउंड, खरवडणं नाही, शोधाशोध नाही. पण प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स अशा कन्सोलना असा पाहुणा चालत नाही. मूळ कंट्रोलरच्या आत ओळख पटवणारी गुप्त व्यवस्था असते. कन्सोल प्रश्न विचारतो आणि योग्य उत्तर आलं तरच पुढे ऐकतो. प्लेस्टेशन ४ अनोळखी कंट्रोलरला आठ मिनिटं खेळू देतो आणि मग त्याचं ऐकणं बंद करतो. एक्सबॉक्सवर ऑक्टोबर २०२३ मध्ये अनधिकृत साधनं जोडणाऱ्यांना पडद्यावर सूचना दिसू लागल्या, की १२ नोव्हेंबरनंतर हे साधन चालणार नाही. फसवणूक करणाऱ्यांना रोखणं हा हेतू असेलही. ऑनलाइन स्पर्धेत आपोआप गोळ्या झाडणारी साधनं लावणारे लोक आहेतच. पण स्वस्तातल्या जोडसाधनावर ज्याचा सगळा खेळ उभा होता, तोही त्यात भरडला गेला, आणि अपंग खेळाडूंनी तेव्हा केलेली तक्रार मला शंभर टक्के योग्य वाटते. अस्सल कंट्रोलरचा बोर्ड जागेवर ठेवून फक्त त्याच्या बटणांना नव्या तारा जोडणाऱ्या माणसाला ही अडचण येत नाही. ओळखपत्र बोर्डावरच राहतं.

स्टिकचं प्रकरण वेगळं आहे, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथे दडलेला आहे.

स्टिक ‘आहे किंवा नाही’ असं सांगत नाही, ‘किती’ ते सांगते. तिच्या बाजूंना काटकोनात दोन लहान पोटेन्शिओमीटर असतात, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असायचे तेच. आत कार्बनची अर्धगोल पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. पट्टीच्या एका टोकाला शून्य व्होल्ट, दुसऱ्याला समजा ३.३. स्टिक मधोमध असली की जिभेवर निम्मे, म्हणजे १.६५ व्होल्ट मिळतात. एका बाजूला ढकलली की वाढतात, दुसरीकडे कमी होतात. चिप या व्होल्टचा आकडा करते. एक्सबॉक्सच्या पद्धतीत डावीकडच्या टोकाला उणे ३२,७६८, उजवीकडच्या टोकाला ३२,७६७ आणि मध्ये शून्य.

प्रत्यक्षात मध्य कधीच नेमका शून्यावर येत नाही. स्प्रिंग स्टिकला परत आणते, पण थोडी इकडे-तिकडे. म्हणून खेळ मध्याभोवतीचा काही भाग सोडून देतात. त्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांना सुचवलेला डाव्या स्टिकचा डेड झोन ७,८४९ आहे, उजव्याचा ८,६८९. म्हणजे डावी स्टिक जवळजवळ चोवीस टक्के ढकलेपर्यंत खेळाला काहीच झालेलं नसतं. निरोगी अंगठ्याला हे कधी कळतही नाही. पण ज्या मुलाचा अंगठा जेमतेम तेवढाच हलतो, त्याची सगळी धडपड त्या चोवीस टक्क्यांत संपते. तो स्टिक हलवतो आहे, कंट्रोलरला ती हललेली दिसते आहे, आणि खेळ ती मोजतच नाही.

यावर तीन बाजूंनी जाता येतं. एक म्हणजे सॉफ्टवेअर: संगणकावर स्टीम या खेळांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये डेड झोन कमी करता येतो आणि थोड्या हालचालीला मोठं मोजता येतं. हे फुकट आहे, म्हणून आधी हेच करून पाहावं. दुसरं म्हणजे स्टिकची उंची. तिच्यावर लांब नळी बसवली की तरफेचा नियम लागू होतो. उंची दुप्पट केली तर लागणारा जोर निम्मा होतो, मात्र टोक दुप्पट अंतर फिरवावं लागतं. ज्याच्या मनगटात हालचाल भरपूर पण ताकद कमी, त्याला हे वरदान ठरतं; ज्याची हालचालच तोकडी, त्याला याचा उपयोग नाही. तिसरं म्हणजे स्टिकचा मॉड्यूलच बदलून हलक्या स्प्रिंगचा बसवणं.

मॉड्यूल बदलायची वेळ बाकीच्या लोकांवरही येते, ती ड्रिफ्टमुळे. जीभ कार्बनवरून घासत राहते, पट्टी झिजते, भुकटी साचते आणि हात न लावता खेळातला माणूस एकीकडे चालू लागतो. स्टिक तोंडाने, हनुवटीने किंवा पायाने चालवणाऱ्यांचा जोर एकाच बाजूने पडत राहतो, म्हणून त्यांना ही झीज लवकर गाठते. अशा मॉड्यूलचं आयुष्य वीस लाख फेऱ्यांचं धरलेलं असतं. ऐकायला मोठं वाटतं, पण दुरुस्तीच्या चळवळीतल्या ‘आयफिक्सिट’ने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरसाठी हिशेब मांडला तेव्हा धावपळीच्या खेळात ते चारशेच्या थोड्या वर तासांतच संपतं असं दिसलं. निन्टेंडो स्विचच्या ड्रिफ्टविषयी युरोपातल्या ग्राहक संघटनांकडे सुमारे २५,००० तक्रारी जमल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ते गाऱ्हाणं युरोपीय आयोगापुढे नेलं.

यावरचा उपाय भौतिकशास्त्रात फार आधीपासून होता. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्ख चुंबकाच्या क्षेत्रात धरला, आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये आडवा व्होल्टेज निर्माण झालेला त्याला आढळला. क्षेत्र जितकं जोरदार, तितका तो जास्त. स्टिकच्या बुडाशी छोटं चुंबक आणि शेजारी असा संवेदक ठेवला, तर स्टिक किती कलली हे काहीही न घासता कळतं. झिजायला पट्टीच नाही. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हे वापरलं होतं. एक्सबॉक्स वनच्या ट्रिगरांतही चुंबकच आहेत. तरी बहुतेक कंट्रोलरांच्या स्टिकमध्ये घासणारे पोटेन्शिओमीटरच राहिले, २०२५ च्या निन्टेंडो स्विच २ मध्येसुद्धा. आता हॉल संवेदकाचे आणि चुंबकावरच चालणाऱ्या त्यापुढच्या टीएमआर तंत्राचे सुटे मॉड्यूल मिळतात, जुन्याच्या जागी बेताने बसतात.

बसवणं मात्र बटणाच्या तारेइतकं सोपं नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या मॉड्यूलला चौदा पाय असतात आणि चौदाही एकाच वेळी सुटल्याशिवाय तो निघत नाही. कारखान्यातलं शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात आपलं नेहमीचं शिशाचं, १८३ अंशांना वितळणारं सोल्डर मिसळलं की मिश्रण लवकर पातळ होतं आणि ओढून घेता येतं. घाईत उपटलं तर भोकांमधलं तांबं निघून येतं आणि बोर्ड कामातून जातो. हे काम पहिल्याच दिवशी हाती घेऊ नये. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या सरावाच्या हाताकडे दिलं तर अर्ध्या तासात होतं. नवा मॉड्यूल बसला की त्याचा मध्य पुन्हा ठरवून द्यावा लागतो, नाहीतर नवीन स्टिकही पहिल्या मिनिटापासून एकीकडे झुकलेली दिसते.

कंट्रोलरला हात न लावताही काही बदल होतात. फिनलंडचे अकाकी कुमेरी यांनी थ्रीडी प्रिंटरवर छापायचे असे सुटे भाग आखले, की प्लेस्टेशनचा कंट्रोलर एकाच हाताने चालतो. दुसरी स्टिक मांडीवर टेकते आणि कंट्रोलरच हलवला की ती हलते. एक्सबॉक्सवर २०१७ पासून ‘कोपायलट’ची सोय आहे, दोन कंट्रोलर मिळून एक समजले जातात. एक हातात, दुसरा पायाशी, किंवा एक मुलाकडे आणि एक त्याच्या बहिणीकडे. सोल्डरिंगचं टोक तापवण्याआधी हे आजमावून पाहिलेलं बरं.

स्विच कुठे ठेवायचा, याचा विचार बनवणाऱ्यांकडून सर्वांत कमी होतो. सुरुवात माणसापासून करायची. शरीराचा कोणता भाग तो न थकता, स्वतःच्या इच्छेने हलवू शकतो? कधी तो अनपेक्षित असतो: डाव्या पायाची टाच, मान एका बाजूला झुकवणं, भुवई. हालचाल झाल्यावर तो भाग परत येतो का, हेही पाहावं लागतं. दाबता येतं पण सोडता येत नाही, असं सेरेब्रल पाल्सीत घडतं. हे ओळखण्याचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं आहे आणि त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नये. चुकीच्या जागी बसवलेल्या स्विचमुळे मानेला किंवा खांद्याला कायमचं दुखणं जडू शकतं. मुंबईत हाजी अलीजवळ ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. खडकीत मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधताना अशा ठिकाणी जाऊन आधी माणसांना भेटावं, असं मला मनापासून वाटतं. रेघेवरून चालणारे रोबो पुष्कळ झाले.

हात थरथरणाऱ्या माणसाकडून एक बटण तीनदा दाबलं जातं. पिकोसारखा बोर्ड वापरला असेल तर पहिल्या दाबानंतर ठरावीक काळ पुढचे दाब सोडून देता येतात. हा काळ त्या माणसाच्या हातानुसार कमी-जास्त करून पाहायचा. दाबून धरणं जमत नसेल तर एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, असंही लावता येतं. मूळ बोर्डावर फक्त तारा काढल्या असतील तर ही सोय बाहेर, स्विच आणि जॅकच्या मध्ये छोटा बोर्ड बसवून करावी लागते. खेळच मदतीला येतात असंही होऊ लागलं आहे. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये अशा साठाहून अधिक सोयी होत्या, त्यात दाबून धरण्याऐवजी एकदा दाबण्याचीही होती.

सगळं जोडून झालं की थेट आवडत्या खेळात उडी घेऊ नये. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासायची खिडकी असते. स्विच दाबला की तिथला ठिपका पेटतो, स्टिक हलवली की खूण सरकते. त्या खिडकीसमोर खेळणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या उशांसह दहा-पंधरा मिनिटं बसवावं. पहिल्या मिनिटाला सहज लागणारा स्विच दहाव्या मिनिटाला लागतो का, मान कलू लागली का, ठिपका न दाबता पेटतो का, हे बघावं आणि दांडा सैल करून स्विच हवा तेवढा सरकवावा. मग एकाच बटणावर चालणारा, घाई नसलेला खेळ लावावा. दुसरा स्विच आठवड्याने जोडला तरी चालतो. आणि बोर्डावर कोणत्या ठिपक्यावरून कोणतं बटण बाहेर काढलं, त्याचा फोटो काढून, तारांचे रंग कागदावर लिहून तो कागद कवचाच्या आत ठेवावा. वर्षा-दोन वर्षांनी हालचाल बदलते, स्विच डाव्या पायाकडून हनुवटीकडे न्यावा लागतो, आणि तेव्हा कवच उघडणारा माणूस वेगळाही असू शकतो.